समुद्र खारट का, आणि लोणार तसं का नाही

विचारलेला प्रश्न असा आहे: "आजी सांगते, अगस्ती ऋषींनी समुद्र पिऊन टाकला आणि नंतर लघवीवाटे बाहेर सोडला, म्हणून तो खारट. शाळेत बाई सांगतात, नद्या डोंगरातले क्षार वाहून आणतात, म्हणून खारट. पण नदीचं पाणी तर गोड लागतं. मग खरं कोणाचं? आणि नद्या अजूनही वाहतातच आहेत, तर समुद्र दिवसेंदिवस आणखी खारट होत चाललाय का?"

या प्रश्नाचा शेवटचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला. समुद्र खारट का, हे पुष्कळ जण विचारतात. तो आणखी खारट का होत नाही, हे फार थोड्यांच्या मनात येतं, आणि खरं उत्तर तिथेच दडलेलं आहे.

तीसेक वर्षं मी समुद्राच्या पाण्याचं पृथक्करण करत आलो. सुरुवातीच्या काळात ते ब्युरेट, म्हणजे थेंबाथेंबाने द्रव सोडणारी मापाची काचनळी, हातात धरूनच व्हायचं. पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकायचे, वरून सिल्व्हर नायट्रेट सोडायचं, आणि पिवळ्या पाण्यात विटकरी छटा टिकून राहिली की हात थांबवायचा. तो नेमका थेंब ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. पुढे विद्युतवाहकता मोजणारी उपकरणं आली आणि ती दोरखंडाला बांधून समुद्रात खोल सोडली की खारेपणाचा आलेख आपोआप मिळू लागला. पण ब्युरेटने एक गोष्ट मनावर कायमची ठसवली: समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, त्यात एक ठरावीक प्रमाण असतं. शाळेतलं उत्तर चूक नाही, पण ते या प्रमाणापाशी येऊन अडतं. नदीचं पाणी कितीही आटवलं तरी त्यातून समुद्राचं पाणी तयार होत नाही. तयार होतं ते लोणारच्या सरोवरासारखं काहीतरी. ते कसं, हे पुढे सांगतो.

आधी आजीच्या गोष्टीबद्दल. अगस्तींनी समुद्र प्यायल्याची कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. कालेय नावाचे दैत्य दिवसा समुद्रात लपून बसत आणि रात्री बाहेर पडून ऋषींना मारत. त्यांना उघडं पाडण्यासाठी देवांनी अगस्तींना विनवलं आणि त्यांनी समुद्र पिऊन टाकला. दैत्य मारले गेल्यावर देव म्हणाले, आता पाणी परत सोडा. अगस्ती म्हणाले, ते तर पचलं, आता दुसरा उपाय बघा. लघवीचा भाग या पर्वात नाही. तो लोकांच्या तोंडी फिरता फिरता कथेला येऊन चिकटला. मूळ कथेत समुद्राची जागा कोरडीच राहते आणि पुढे भगीरथ गंगा आणतो तेव्हा ती भरते. म्हणजे या कथेप्रमाणे आजचा समुद्र गंगेच्या पाण्याने भरलेला आहे. त्यामुळे खारेपणाचं कोडं सुटत नाही, उलट जास्तच धारदार होतं. गंगेने भरलेला समुद्र खारट कसा?

त्याचं उत्तर महाभारतातच, पण दूर शांतिपर्वात, नारायणीय भागात येतं. वडवामुख नावाचे महर्षी मेरूवर तप करत होते. त्यांनी समुद्राला बोलावलं आणि तो आला नाही. तेव्हा ऋषींनी आपल्या अंगाच्या उष्णतेने त्याचं पाणी थिजवलं आणि माणसाच्या घामासारखा खारेपणा त्याला दिला. तू आता पिण्याजोगा राहणार नाहीस, वडवामुख तुझं पाणी पिईल तेव्हाच ते गोड होईल, असंही सांगितलं. समुद्राच्या पोटात जळणारा आणि त्याचं पाणी पीत राहणारा वडवानल आपण ऐकून असतो, त्याची ही कथा. घामाची उपमा मला विलक्षण वाटते, कारण इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ एम्पेडोक्लिसनेही समुद्राला पृथ्वीचा घाम म्हटलं होतं. काव्य म्हणून हे ठीक, पण निसर्ग समजून घ्यायला पुरेसं नाही, असं ॲरिस्टॉटलने त्यावर लिहून ठेवलं. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या ओठावर घाम उतरतो आणि समुद्राचं पाणीही त्याच चवीचं लागतं, ही नोंद दोन दूरच्या देशांत स्वतंत्रपणे झाली असेल तर नवल नाही. जिभेला दोन्हीकडे तेच कळलं.

आणखीही कथा आहेत. भागवताच्या पाचव्या स्कंधात प्रियव्रत राजाच्या रथाच्या चाकोऱ्यांतून सात समुद्र झाले: खारा, उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दुधाचा, दह्याच्या निवळीचा आणि शुद्ध पाण्याचा. आपल्या जंबुद्वीपाच्या वाट्याला आला तो खारा. ब्रह्मवैवर्त पुराणात कृष्णाची प्रिया विरजा हिचे सात मुलगे सात समुद्र होतात आणि भावंडांच्या भांडणातून धाकट्याला आईच शाप देते की तू खारा समुद्र होशील, तुझं पाणी कोणी पिणार नाही. उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडे जादूचं जातं आहे. लोभी राजा जहाजावर त्यावर मीठ दळायला लावतो, थांब म्हणत नाही, मिठाच्या भाराने जहाज बुडतं आणि समुद्र खारट होतो.

या सगळ्या कथा शेजारी शेजारी ठेवल्या तर एक गोष्ट दिसते. खारेपणा जवळजवळ सगळीकडे वागणुकीचं फळ म्हणून येतो: बोलावल्यावर न येणं, भावंडांचं भांडण, हाव. मीठ कोणत्या वाटेने आलं हे त्यांना सांगायचंच नाही. नजर पोहोचेल तिथवर पाणी आहे आणि तरी माणूस तहानलेला आहे, या गोष्टीचा अर्थ काय, हा त्यांचा प्रश्न. तो प्रश्न माझ्या ब्युरेटने सुटणारा नाही. म्हणून आजीचं खरं की बाईंचं, अशी लढत लावू नये असं मी मनापासून म्हणतो. मात्र उलट टोकाला जाऊन, वडवानल म्हणजे समुद्रतळावरचे उष्ण झरे आणि आपल्या पूर्वजांना ते ठाऊक होते, असं जे सांगितलं जातं, तेही मला पटत नाही. वडवानल समुद्राचं पाणी पितो. नद्या अखंड येत असूनही समुद्र काठ ओलांडत नाही, याचं ते स्पष्टीकरण आहे. त्या कथेवर आपलं आजचं ज्ञान लादलं की तिने खरोखर काय पाहिलं होतं ते झाकलं जातं. आणि तिने पाहिलं होतं हे नक्की. उष्णतेने समुद्राचं पाणी वर घेतलं जातं तेव्हा ते गोड होतं, एवढं त्या कथेत स्पष्ट आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात नद्यांनी भरत असूनही न हलणारा समुद्र आहे, आणि बायबलच्या उपदेशकातही सगळ्या नद्या समुद्राला मिळतात तरी समुद्र भरत नाही असं वचन आहे. किनाऱ्यावर उभं राहून शांतपणे पाहणाऱ्या माणसाला हे दिसतंच.

आणि आपल्या किनाऱ्यावर समुद्राला शापित कोणी मानत नाही, हेही सांगायला हवं. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव ज्याला नारळ अर्पण करतात तो देव आहे. मिठाचं तर विचारूच नका. संस्कृतातल्या 'मिष्ट'पासून, म्हणजे गोडापासून, आपण 'मीठ' हा शब्द घेतला, आणि 'लवणा'पासून लोणचंही आलं आणि लावण्यही.

धर्मग्रंथांतली खारेपणाची जी गोष्ट मला सगळ्यात जवळची आहे, तिच्यात शाप नाही, प्रयोग आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, रात्री पाण्यात मिठाचा खडा टाकायला सांगतो. सकाळी म्हणतो, तो खडा आण. खडा सापडत नाही. मग म्हणतो, या टोकाकडून चाख. खारट. मधून चाख. खारट. त्या टोकाकडून चाख. खारट. दिसत नाही, पण सगळीकडे सारखं आहे. उद्दालकाला आत्म्याविषयी बोलायचं होतं. पण द्रावण म्हणजे काय हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारा दुसरा पाठ मला माहीत नाही, आणि नवे विद्यार्थी आले की मी त्यांना आधी हाच सांगायचो.

कारण समुद्राच्या बाबतीतही मोठ्या प्रमाणावर तेच झालं. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाचं ब्रिटिश जहाज जगातले महासागर पालथे घालून आलं. त्यावरून आणलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. वरचं पाणी, खोलचं पाणी, अटलांटिकचं, पॅसिफिकचं. एकूण खारेपणा थोडा कमी-जास्त भरत होता, पण त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण सगळीकडे तेच. सरासरी समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या थोडं वर, सोडियम पावणेअकरा ग्रॅम, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅम. या सहांतच ९९ टक्क्यांहून अधिक हिशोब संपतो. हे प्रमाण पक्कं असल्यामुळेच आम्ही फक्त क्लोराइड मोजून बाकी सगळं काढू शकत होतो.

आता नदीकडे या. जगातल्या नद्यांच्या पाण्यात सरासरी लिटरला साधारण एक दशांश ग्रॅम क्षार असतात. समुद्राच्या तुलनेत तीनशेवा-साडेतीनशेवा भाग. जिभेला ते कळत नाहीत, म्हणून पाणी गोड. पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड विरघळून अगदी सौम्य आम्ल तयार होतं. ते खडकाला हळूहळू झिजवतं, त्यातले क्षार सुटतात आणि ओढ्यानाल्यांतून नदीत येतात. आपला सह्याद्रीचा काळा कातळ तर या बाबतीत लवकर झिजणारा. इथपर्यंत बाईंचं उत्तर अगदी बरोबर. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात, हेही बरोबर.

पण नदी काय आणते ते नीट पाहा. नदीच्या क्षारांत निम्म्याच्या आसपास बायकार्बोनेट असतं, त्याखालोखाल कॅल्शियमचा क्रम लागतो. सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपलं मीठ, त्यामानाने थोडं. समुद्रात नेमकं उलट. नद्यांनी आणलेलं नुसतं साठत गेलं असतं, तर समुद्राची चव मिठाची नसती.

मग कशाची असती? बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जाऊन बघता येतं. बेसॉल्टच्या, म्हणजे त्याच काळ्या कातळात उल्केच्या आघाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर. काठावरची धार बारमाही वाहते, तिचं पाणी गोड. पावसाळ्यात आणखी ओहोळ उतरतात. बाहेर जायला वाट एकही नाही. पाणी फक्त वाफ होऊन जातं. म्हणजे शाळेतल्या उत्तरातला समुद्र जणू लहान करून मांडला आहे. इथेही कथा आहेच. लवणासुर या जागी दडून बसला होता आणि विष्णूने त्याचा वध केला, म्हणून गावात दैत्यसूदनाचं मंदिर आणि म्हणून लोणार हे नाव. ते पाणी बोटांत चोळलं की साबणासारखं बुळबुळीत लागतं. त्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास जातो. समुद्राचा सामू आठच्या जरा वर. लोणारच्या पाण्यात मीठ आहे, पण त्याच्या जोडीने भरपूर सोडा आहे. याच क्षारांमुळे तिथे काच आणि साबणाचा कच्चा माल मिळतो, अशी नोंद अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीत आहे.

हे होतं कसं? पाणी आटू लागलं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन चुनखडी होऊन तळाशी बसतात. कॅल्शियम संपतं, बायकार्बोनेट मात्र उरतं, आणि ते सोडियमशी जोडी जमवतं. तो झाला सोडा. गोडं पाणी आटवत नेलं की बहुधा असंच होतं. आफ्रिकेतली सोडा सरोवरंही याच वाटेने झाली.

म्हणजे समुद्र लोणारसारखा न होण्याला कारण हवं. पहिलं कारण क्लोरीन. झिजणाऱ्या साध्या खडकांत क्लोरीन इतकं थोडं असतं की समुद्रातल्या क्लोराइडचा हिशोब त्यातून लागूच शकत नाही. अमेरिकेच्या विल्यम रूबी या भूवैज्ञानिकाने १९५१ मध्ये हा ताळेबंद मांडला: पाणी, कार्बन डाय-ऑक्साइड, क्लोरीन, नायट्रोजन, गंधक ही मंडळी खडकांच्या झिजेतून मिळतील त्याहून कितीतरी जास्त आहेत, तेव्हा ती पृथ्वीच्या पोटातून वायुरूपाने बाहेर आली असली पाहिजेत. ज्वालामुखीच्या वाफेत आजही हायड्रोजन क्लोराइड असतं. पृथ्वी तरुण असताना ते पाण्याच्या वाफेसोबतच वर आलं, पावसासोबत खाली उतरलं, आणि त्या आम्लधर्मी पाण्याने खडकांतून सोडियम ओढून घेतलं. म्हणून समुद्र आधी गोड होता आणि मग कोट्यवधी वर्षांत हळूहळू खारट झाला, हे चित्र मनातून काढून टाका. क्लोरीन पाण्याच्या बरोबरीने आलं. समुद्र जवळजवळ जन्मापासून खारट आहे.

दुसरं कारण म्हणजे समुद्राला बाहेर जायच्या वाटा आहेत. पाण्याच्या नाही, क्षारांच्या. आणि प्रत्येक क्षाराची वाट वेगळी.

कॅल्शियमची वाट कोकणातल्या कोणत्याही पोराने पायाखाली तुडवलेली असते. शिंपल्या, तिसऱ्या, कालवं, प्रवाळ, आणि उघड्या समुद्रात तर डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी सूक्ष्म जीव पाण्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट उचलून आपली कवचं बांधतात. मेले की कवचं तळाशी जातात. समुद्रात कॅल्शियम कमी आहे याचं कारण ते येत नाही असं नसून, आलेलं उचललं जातं हे आहे. कॅल्शियमचा एखादा अणू समुद्रात दहा लाख वर्षांच्या आसपास राहतो, सोडियमचा काही कोटी वर्षं. नदी कॅल्शियम जास्त आणते आणि सोडियम कमी, तरी समुद्रात सोडियम पंचवीसपटीहून अधिक का, याचं उत्तर या मुक्कामाच्या काळात आहे. जो लवकर निघून जातो त्याचा साठा होत नाही. पूर्वी कोकणात शिंपले भाजून चुना करत आणि त्याने घरं बांधत. त्या भिंतींत गेलेलं कॅल्शियम कधीतरी कुठल्या तरी डोंगरातून नदीवाटेच समुद्रात आलं होतं.

मॅग्नेशियमची मोठी वाट माझ्या आधीच्या पिढीला ठाऊकच नव्हती. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ, समुद्राखाली सुमारे अडीच हजार मीटरवर, 'अल्विन' या पाणबुडीतून गेलेल्या शास्त्रज्ञांना तळातून वर येणारे उष्ण झरे दिसले. दोन वर्षांनी मेक्सिकोच्या बाजूला पॅसिफिकमध्ये साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं, काळ्या धुरासारखं पाणी ओकणारे झरे सापडले. वरच्या पाण्याच्या दाबामुळे ते उकळत नाही. समुद्राचं पाणी तळाच्या भेगांतून आत मुरतं, तापलेल्या बेसॉल्टमधून फिरतं आणि बाहेर येतं तेव्हा त्यातलं जवळजवळ सगळं मॅग्नेशियम खडकाने काढून घेतलेलं असतं. बदल्यात कॅल्शियम, लोह, मँगेनीज, लिथियम मिळालेलं असतं. मध्य-महासागरी पर्वतरांगांवर हे अखंड चाललेलं आहे, आणि आपल्या अरबी समुद्रातली कार्ल्सबर्ग रांगही त्यातलीच. समुद्राच्या तळाशी एक प्रचंड रासायनिक भट्टी आहे, ती क्षार देतेही आणि घेतेही, हे कळल्यावर खारेपणाचा आमचा सगळा हिशोब नव्याने मांडावा लागला. पोटॅशियमचा बराच भाग चिकणमातीच्या कणांत अडकतो. सोडियमही थोडं तिथे जातं.

आणि मीठ? सोडियम आणि क्लोराइड दोघं मिळून बाहेर पडतात ते मिठागरात पडतात तसेच, पण फार मोठ्या आणि फार जुन्या मिठागरांत. उरण-पेणच्या बाजूला किंवा गोव्यात रायबंदर-नेरूलच्या मिठागरांवर काम करणाऱ्यांना हा क्रम हातचा पाठ असतो. भरतीचं पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात नेत आटवायचं. आधी चुना बसतो. पाणी पाचव्या हिश्शाच्या आसपास आलं की जिप्सम पडतं. दहाव्या हिश्शापर्यंत आलं की मिठाचे दाणे धरू लागतात. शेवटी उरतं ते मॅग्नेशियमचं कडवट पाणी. ते वेळेवर काढून टाकलं नाही तर मीठ कडू होतं. पृथ्वीवर असे प्रसंग आले की समुद्राचा एखादा तुकडा मुख्य समुद्रापासून तुटला आणि उन्हात आटला. सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचं अटलांटिकशी नातं जवळजवळ तुटलं. ते पूर्ववत होईपर्यंत सहा लाखांहून अधिक वर्षं गेली आणि त्याच्या तळाशी मिठाचे प्रचंड थर बसले. जगातल्या समुद्रांमधलं पाच टक्क्यांच्या आसपास मीठ एवढ्या एका प्रसंगात बाहेर पडलं, असा अंदाज आहे.

याचाच एक जुना नमुना तुमच्या स्वयंपाकघरात असेल. उपासाला आपण साधं मीठ टाळून शेंदेलोण वापरतो, सैंधव म्हणून. सिंधूकडचं म्हणून सैंधव. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतून, खेवड्याच्या खाणीतून ते २०२५ पर्यंत येत होतं. ते समुद्राचं नाही म्हणून उपासाला चालतं, असं माझ्याही घरात सांगितलं जायचं. प्रत्यक्षात ते चोपन्न कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं मीठ आहे. यामुळे उपास मोडतो असं मी म्हणत नाही. व्रताचे नियम व्रताचे असतात. पण साबुदाण्याच्या खिचडीत तो खडा पडताना मला दर वेळी तो समुद्र आठवतो.

या बाहेरच्या वाटा माहीत नसल्या की किती मोठी चूक होते, याचा दाखला इतिहासात आहे. धूमकेतूमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या एडमंड हॅलीने १७१५ मध्ये सुचवलं की समुद्राचा खारेपणा किती वेगाने वाढतो हे मोजलं तर पृथ्वीचं वय काढता येईल. प्राचीन लोकांनी त्यांच्या काळच्या खारेपणाची नोंद ठेवली नाही याची त्याला हळहळ होती. १८९९ मध्ये आयर्लंडच्या जॉन जॉलीने समुद्रातलं एकूण सोडियम घेतलं, नद्या दरवर्षी किती आणतात ते घेतलं, भागलं, आणि पृथ्वीचं वय आठ-नऊ कोटी वर्षं सांगितलं. आज आपण ते ४५४ कोटी मानतो. जॉलीचा भागाकार वाईट नव्हता. त्याने काढलं ते पृथ्वीचं वय नसून सोडियमच्या मुक्कामाचा काळ होता, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

तुम्हीही हा भागाकार करून बघा. समुद्रातले एकूण क्षार सुमारे पाचावर सोळा शून्यं इतके टन. जमिनीवर सारखे पसरले तर दीडशे मीटरहून जाड थर होईल. नद्या दरवर्षी आणतात सुमारे ४०० कोटी टन. भागाकार येतो साधारण सव्वा कोटी वर्षं. म्हणजे क्षार बाहेर जात नसते, तर पृथ्वीच्या आयुष्यात समुद्र शेकडो पटींनी खारट होऊन मिठाचा दगड झाला असता. शिवाय नदीतल्या मिठाचा काही भाग मुळात समुद्राचाच असतो. फुटणाऱ्या लाटांचे तुषार वाऱ्यावर चढतात, मोसमी पावसासोबत सह्याद्रीवर पडतात आणि परत खाली येतात.

म्हणून प्रश्नाच्या शेवटच्या भागाचं उत्तर: नाही, एकूण समुद्र माणसाच्या हिशोबात आणखी खारट होत नाही. जमा आणि खर्च जवळजवळ सारखा आहे. कोट्यवधी वर्षांच्या मापाने मात्र तो अगदी स्थिरही नव्हता. जुन्या मिठाच्या स्फटिकांत अडकलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब तपासले तर मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचं प्रमाण काळानुसार बदलल्याचं दिसतं.

बदलतंय ते वाटप. तापमान वाढतंय तसं बाष्पीभवन आणि पाऊस दोन्ही वाढतात. त्यामुळे गेल्या पन्नास-साठ वर्षांत मुळात जास्त खारट असलेले भाग आणखी खारट आणि कमी खारट असलेले आणखी गोडे होताना दिसत आहेत. हा फरक पाहायला आपल्याला लांब जायची गरज नाही. अरबी समुद्राचं पृष्ठभागाचं पाणी बऱ्याच भागात किलोला ३६ ग्रॅमच्या वर जातं. बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला पावसाळ्यानंतर ते तिसाच्याही खाली येतं. अक्षांश तेच, मोसमी पाऊस तोच. पण गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी सगळ्या तिकडे उतरतात. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरावर पडलेल्या पावसापासून अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत आहे. पण गोदावरी तो पाऊस घेऊन पूर्वेकडे वळते, १,४६५ किलोमीटर चालते आणि आपलं गोडं पाणी बंगालच्या उपसागराला देते.